गोडी जिभेची, साखर रक्तातली

आईचा घाम पुसता पुसता मी घड्याळाकडे पाहिलं तेव्हा पावणेदोन वाजले होते. संध्याकाळी तिला जेवण जात नव्हतं. दोन घास खाऊन ती उठली, पण मधुमेहाची गोळी मात्र तिने रोजच्या नेमाने घेतली. मध्यरात्री हात थरथरायला लागले, जीभ जड झाली, अंगावरचं पातळ घामाने भिजलं. ग्लुकोमीटरवर ५४ आकडा आला. साखर उतरली होती. माझा भाचा स्वयंपाकघरात धावला आणि मिनिटभरात ग्लासभर लिंबू सरबत घेऊन आला. आई ते घोट घोट प्यायली, "गोड आहे," म्हणाली. पंधरा मिनिटांनी मी पुन्हा तिचं बोट टोचलं. ५२.

सरबत गोडच होतं. पण त्यात साखर नव्हती, कारण आमच्या घरातच साखर नव्हती. दोन महिन्यांपूर्वी मीच साखरेचा डबा कामाला येणाऱ्या मावशींना देऊन टाकला होता आणि त्याच्या जागी स्टीव्हियाच्या थेंबांची बाटली ठेवली होती. भाच्याच्या हाताला जी गोडी लागली ती त्याने सरबतात घातली. शेवटी समोरच्या काकूंचं दार वाजवलं, वाटीभर साखर आणली, तीन चमचे पाण्यात विरघळवून आईला पाजली. वीस मिनिटांनी आकडा ८८ वर आला. चेहऱ्यावर रंग परतला तशी आईने विचारलं, "अगं, मग आधीचं सरबत कशाचं होतं?"

हे पुस्तक त्या प्रश्नातून निघालं आहे.

मी आहारतज्ज्ञ आहे. स्टीव्हियाने रक्तातली साखर वाढत नाही, हे वाक्य मी माझ्या रुग्णांना शेकडो वेळा सांगितलं असेल. वाक्य खरं आहे. पण खऱ्या वाक्याचेही सगळे अर्थ आपल्याला कळलेले असतात असं नाही. जे वाढवत नाही, ते गरज पडेल तेव्हाही वाढवणार नाही, ही एवढी उघड गोष्ट माझ्या घरात मी कोणाला सांगितली नव्हती. आणि मी सांगितली नसेल, तर ज्यांच्या घरात आहारतज्ज्ञ नाही तिथे ती कोण सांगणार?

या घोळाचं मूळ मला आपल्या बोलण्यात सापडतं. डब्यातली ती साखर आणि रक्तातलीही साखरच. "साखर कमी घाल," "साखर वाढली," "साखर तपासून ये" या तिन्ही वाक्यांत शब्द एकच आहे. त्यामुळे डब्यातली साखर बंद केली की रक्तातली आपोआप खाली येईल असं वाटत राहतं. बिनसाखरेचा चहा घेणारे काका ताटात तीन मुदी भात निश्चिंतपणे घेतात, कारण भात गोड लागत नाही. खरं तर डब्यातल्या साखरेचा रेणू अर्धा ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज असतो. भातातला, भाकरीतला, साबुदाण्यातला स्टार्च मात्र पचला की सगळाच्या सगळा ग्लुकोज होतो. रक्तातली साखर म्हणजे हा ग्लुकोज. तो कुठल्या वाटेने आला, जिभेला गोड लागून आला की न लागता आला, याचा रक्ताशी काही संबंध नाही.

हे पटवून देण्यासाठी मी वर्गात दोन पानं घेऊन बसते. एक आपल्या सह्याद्रीतलं, गुडमारचं. खेड्यापाड्यांत त्या वेलीला बेडकीचा पाला म्हणतात. ते पान नीट चघळून जिभेवर फिरवलं आणि मग चिमूटभर साखर तोंडात टाकली, तर ती वाळूसारखी लागते. गोडी ओळखणारी जिभेवरची यंत्रणाच गुडमारमधली द्रव्यं अर्धा-पाऊण तास अडवून धरतात. लोक चकित होतात, हसतात, पुन्हा पुन्हा साखर टाकून पाहतात. मग मी त्यांना विचारते: ही साखर आता पोटात गेली, ती रक्तात जाईल का? जाईलच. जीभ फसली, आतडं नाही फसलं. दुसरं पान माझ्या गॅलरीतल्या कुंडीतलं, स्टीव्हियाचं. गुडमारचा प्रभाव ओसरला की ते चघळायला देते. पहिल्यांदा हिरव्या गवतासारखी चव येते, मग एकदम दाट गोडी चढते, ती घशापर्यंत रेंगाळते आणि जाताना मागे किंचित कडूपणा ठेवून जाते. आणि आता? आता रक्तात काही जाणार नाही. एका पानाने गोडी काढून घेतली आणि साखर ठेवली. दुसऱ्याने साखर न देता गोडी दिली. (गुडमारची पानं हौसेने रोज खाऊ नयेत, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर मुळीच नाही. वर्गातला प्रयोग एकदाच करण्यापुरता आहे, आणि गोळ्या घेणाऱ्यांना मी त्यातून वगळते.)

स्टीव्हियाला आपल्याकडे गोड तुळस म्हणण्याची पद्धत पडली आहे. तुळशीशी तिचं नातं नाही. ती सूर्यफुलाच्या, झेंडूच्या कुळातली. मूळची ती पराग्वे देशाच्या ईशान्येकडच्या अमांबाय डोंगराळ भागातली. तिथले ग्वारानी लोक तिला का'आ हे'ए, म्हणजे गोड पाला, म्हणत आणि येर्बा माते या त्यांच्या कडवट पेयात ती घालत. मोइसेस बेर्तोनी हा स्वित्झर्लंडमधून पराग्वेत जाऊन स्थायिक झालेला वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याला १८८७ मध्ये स्थानिकांकडून या पाल्याची माहिती मिळाली, पण तिचं शास्त्रीय वर्णन तो १८९९ मध्ये करू शकला. ओविदियो रेबाउदी या पराग्वेच्या रसायनतज्ज्ञाने तिची पहिली रासायनिक तपासणी केली, म्हणून जातीच्या नावात त्याचं नाव बसलं: स्टीव्हिया रेबॉडियाना. पुढे १९३१ मध्ये ब्रिदेल आणि लाव्हिएय या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी पानातून गोड द्रव्य वेगळं काढलं, त्याला स्टीव्हियोसाइड नाव मिळालं.

ही हकीकत मी मुद्दाम थोडी सविस्तर सांगते, कारण आज पाकिटावर हिरवं पान छापून "नैसर्गिक" लिहिलेलं असतं आणि त्या पानाला ज्यांनी ओळखलं त्या ग्वारानींचं नाव कुठेच नसतं. शिवाय पान आणि पाकीट यांच्यामध्ये बरीच मोठी वाट आहे. पाकिटात पान नसतं. पानं पाण्यात भिजवून, गाळून, शुद्ध करून, स्फटिक बनवून काढलेली स्टीव्हियोल ग्लायकोसाइड नावाची द्रव्यं असतात. त्यातली स्टीव्हियोसाइड आणि रेबॉडियोसाइड ए ही दोन मुख्य. साखरेच्या ती दोनशे ते तीनशे पट गोड. जपानने १९७० च्या दशकातच ती खाद्यपदार्थांत वापरायला सुरुवात केली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने शुद्ध रेबॉडियोसाइड ए ला २००८ मध्ये हरकत नसल्याचं कळवलं, युरोपीय संघाने २०११ मध्ये आणि आपल्या एफएसएसएआयने २०१५ मध्ये या द्रव्यांना परवानगी दिली.

आता मुख्य गोष्ट. ही द्रव्यं रक्तातली साखर का वाढवत नाहीत? गंमत अशी की त्यांच्या रेणूला ग्लुकोज चिकटलेला असतो. स्टीव्हियोसाइडला तीन, रेबॉडियोसाइड ए ला चार. पण तो ज्या पद्धतीने जोडलेला आहे ती गाठ आपल्या पाचकरसांना सुटत नाही. त्यामुळे जठरातून आणि लहान आतड्यातून ही द्रव्यं जवळजवळ जशीच्या तशी पुढे सरकतात. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती गाठ सोडतात आणि सुटलेला ग्लुकोज तेच वापरून टाकतात. उरलेला गाभा, स्टीव्हियोल, शरीरात शोषला जातो, यकृत त्याला विरघळणाऱ्या रूपात बांधतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. आणि मात्राही किती? चहाच्या कपातल्या चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम साखरेच्या गोडीला २०-२५ मिलिग्रॅम पुरतात. तेवढ्यातला ग्लुकोज सगळा रक्तात आला असता तरी मीटरला त्याचा पत्ता लागला नसता.

म्हणजे वाढवत नाही. पण कमी करतं का? दवाखान्यात मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत याचं उत्तर बेधडक "हो" असतं. २००४ मध्ये डेन्मार्कमधल्या आऱ्हुस इथल्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या १२ रुग्णांना जेवणासोबत १ ग्रॅम स्टीव्हियोसाइड दिलं. जेवणानंतर ग्लुकोज जितका चढतो, तो चढ सरासरी १८ टक्क्यांनी कमी भरला. बातम्या यावरून झाल्या. पण १ ग्रॅम म्हणजे चाळीस-पन्नास कप चहा गोड करण्याएवढी मात्रा, रुग्ण बाराच, आणि जेवण एकच. २००८ मध्ये दोन मोठ्या कसोट्या प्रसिद्ध झाल्या. एकीत टाइप २ च्या १२२ रुग्णांपैकी निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम रेबॉडियोसाइड ए सोळा आठवडे दिलं, निम्म्यांना नुसती बिनऔषधी गोळी. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सीमध्ये दोन्ही गटांत फरक पडला नाही. दुसरी कसोटी खुद्द पराग्वेतली: २५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तीन महिने. रक्तातली साखर तशीच, रक्तदाबही तसाच. २०१७ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींवर ही द्रव्यं कशी काम करू शकतील याचा एक नेमका मार्ग दाखवला, तो अभ्यास सुंदर आहे, पण उंदरांवरचा. माझं मत मी स्पष्ट लिहिते: स्टीव्हिया हे औषध नाही. त्याच्या भरवशावर कोणी गोळी चुकवली तर ती चूक पाकिटाला भोवत नाही, डोळ्यांना आणि मूत्रपिंडांना भोवते.

मग त्याचा उपयोग काय? उपयोग इतकाच की ते ज्याच्या जागी येतं ते ताटातून जातं. २०१० च्या एका अभ्यासात ३१ जणांना जेवणाआधी वेगवेगळ्या दिवशी साखरेचा, अस्पार्टेमचा आणि स्टीव्हियाचा खाऊ दिला. साखरेच्या दिवसापेक्षा स्टीव्हियाच्या दिवशी जेवणानंतरचा ग्लुकोज आणि इन्सुलिन दोन्ही कमी राहिले, आणि गोडीतून न मिळालेले उष्मांक लोकांनी पुढच्या जेवणात जास्त खाऊन भरूनही काढले नाहीत. हा खरा आणि मोलाचा फायदा आहे. दिवसाला चार कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर घेणाऱ्याची रोजची ४० ग्रॅम साखर जाते. मात्र जो आधीच बिनसाखरेचा चहा पितो त्याला स्टीव्हियाने काहीही मिळणार नाही. अशा माणसांनाही घरचे ती बाटली भेट देतात, तेव्हा मला वाईट वाटतं.

आता पुडी. दवाखान्यात एक निवृत्त शिक्षक आले होते. "मॅडम, मी फक्त स्टीव्हिया वापरतो, तरी दुपारची साखर चढते." मी त्यांना डबा आणायला सांगितला. पुढच्या बाजूला पान, मागे बारीक अक्षरात घटक: पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन, शेवटचं स्टीव्हियोल ग्लायकोसाइड. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, हे त्यांना माहीत नव्हतं. फारच थोड्यांना माहीत असतं. वीस मिलिग्रॅम भुकटी चमच्याने उचलता येत नाही, म्हणून तिच्यात काहीतरी भर घालावीच लागते: लॅक्टोज, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा एरिथ्रिटॉल. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे तुकडे केलेला स्टार्च, तो रक्तात जवळपास ग्लुकोजच्याच वेगाने पोचतो. एका ग्रॅमच्या पुडीने फारसं बिघडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण या गुरुजींचा डबा "साखरेऐवजी चमच्याला चमचा" वापरायचा होता, आणि ते त्यातून ताकात, दलियात, दोन वेळच्या चहात मोकळ्या हाताने घालत होते. जेवणातला भात त्यांनी कमी केला नव्हता तो वेगळाच. डबा बदलला, भात मोजून घेतला. पुढच्या तपासणीला ते आले तेव्हा स्वतःच नवा डबा उलटा करून मला वाचून दाखवत होते.

एरिथ्रिटॉल ग्लुकोज वाढवत नाही, पण रक्तातलं त्याचं प्रमाण जास्त असलेल्यांत हृदयविकार आणि पक्षाघात अधिक दिसल्याचं २०२३ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी मांडलं. कारण तेच आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. तरी हृदयाचा त्रास असलेल्यांना मी थेंबांची बाटली सुचवते आणि तिचेही घटक वाचायला लावते.

आतड्यातल्या जिवाणूंबद्दल लोक हल्ली फार विचारतात. २०२२ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेने गोडव्याची द्रव्यं एरवी न खाणाऱ्या १२० निरोगी लोकांना दोन आठवडे ती देऊन पाहिली. सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांची ग्लुकोज पचवण्याची क्षमता बिघडलेली दिसली. स्टीव्हिया आणि अस्पार्टेमच्या गटांत तसं ठळकपणे दिसलं नाही. जिवाणूंच्या रचनेत मात्र चारही द्रव्यांनी बदल केले. २०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा द्रव्यांचा, स्टीव्हियासकट, आधार घेऊ नये अशी शिफारस केली. ती शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही, असं त्याच कागदात लिहिलं होतं. बातम्यांत ते वाक्य गळालं आणि माझे कितीतरी रुग्ण घाबरून पुन्हा गुळाकडे वळले. गूळ, मध, खडीसाखर यांनी साखर वाढत नाही ही समजूत आपल्याकडे इतकी खोल आहे की तिच्यासाठी या पुस्तकात मला स्वतंत्र प्रकरण लिहावं लागलं.

मात्रेची भीतीही अनेकांना असते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने ठरवलेली रोजची सुरक्षित मर्यादा स्टीव्हियोलच्या हिशेबाने दर किलो वजनामागे ४ मिलिग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसाला ती रेबॉडियोसाइड ए च्या रूपात साधारण ७०० मिलिग्रॅम भरते, म्हणजे पंचवीस-तीस चमचे साखरेची गोडी. घरगुती वापरात तिथे कोणी पोचत नाही.

आमच्या घरी सणाला पुरण शिजतं तेव्हा मी स्टीव्हियाच्या मर्यादा नीट पाहिल्या. डाळ शिजवून, उपसून त्यात गूळ घातला की पुरण आधी सैल होतं, गुळाचं पाणी सुटतं. मग ते आटत जातं, चकाकी धरतं आणि मध्ये उभी केलेली पळी न पडता उभी राहते. पुरण झालं हे आई त्यावरून ओळखते. एका होळीला मी निम्मं पुरण स्टीव्हियाने केलं. गोड झालं, पण सुटलं नाही, आटलं नाही, चकाकलं नाही. वेलदोडा-जायफळ घालूनही ते गोड वाटली डाळच राहिलं, आणि लाटताना पोळी फुटली. गूळ नुसता गोड नसतो. तो ओलावा धरतो, बांधतो, रंग देतो, टिकवतो. लाडवाचा पाक, चिक्की, करंजीच्या सारणाचा ओलसरपणा यांतलं काहीच स्टीव्हियाला येत नाही. चहा, ताक, सरबत, दुधी हलवा, खीर इथे ते निभावतं. आणि ती पोळी स्टीव्हियाची झाली तरी तिच्या कणकेचं काय? १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदकं असतातच. तेव्हापासून आमच्या घरी पुरणपोळी गुळाचीच होते. आई एक पोळी खाते, त्या दिवशी भात घेत नाही, आणि जेवणानंतर कटाची आमटी वाटीने पिते. ती पोळी खाताना तिच्या चेहऱ्यावर अपराधाची छटा नसते, याचा मला फार आनंद आहे.

भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये मांडला. पाहणी झालेल्या राज्यांत सर्वांत वरचं प्रमाण गोव्याचं होतं, २६.४ टक्के, म्हणजे तिथे चार प्रौढांमागे एकाहून जास्त. हे पुस्तक त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरात स्वयंपाक करणाऱ्यांसाठी आहे. त्यातली प्रकरणं कुठूनही वाचा. पाकिटाच्या मागची बाजू कशी वाचायची हे तिसऱ्या प्रकरणात आहे. वाचताना घरातला डबा हाताशी ठेवा.

एक गोष्ट मात्र पहिल्या प्रकरणाची वाट न पाहता आजच करा. इन्सुलिन किंवा साखर उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणारं कोणी घरात असेल, तर साखर घरातून घालवू नका. आकडा ७० च्या खाली गेला, घाम, थरथर, गोंधळ दिसला, तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साखरेचं विघटनच मंदावलेलं असतं, म्हणून तिथे ग्लुकोजची पावडरच हवी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि स्टीव्हियाची बाटली त्या वेळी हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवा.

आईच्या उशाशी आता स्टीलचा एक छोटा डबा असतो. त्यावर भाच्याने मार्करने लिहिलं आहे: "खरी साखर."